दादाचे दोन वाढदिवस

मुलांनो, तुमचा जन्म कुठे झाला ते ठाऊक आहे का? बहुतेकांचा हात लगेच वर जाईल. कुणी म्हणेल नाशिकला, कुणी म्हणेल आजोळी, कुणी तर दवाखान्याचं नावसुद्धा सांगेल. त्या दिवशी पाऊस होता की ऊन, आजोबांनी पेढे वाटले की बर्फी, हे सगळं आई नाहीतर आजी तुम्हाला रंगवून सांगते. दहा वेळा ऐकलेलं असतं, तरी अकराव्यांदा ऐकायला गोड वाटतं. आपलीच गोष्ट ना ती!

पण काही मुलांची गोष्ट मधूनच सुरू होते. तिची पहिली दोन-चार पानं त्यांच्याजवळ नसतात. म्हणून काही ती मुलं कमी लाडकी नसतात. आज मी तुम्हाला अशाच एका मुलाबद्दल सांगणार आहे. तो आता चांगला छत्तीस वर्षांचा बाप्या आहे, तो भाग वेगळा! तो माझा मावसभाऊ. "खुशाल लिही, फक्त माझं नाव घालू नकोस," असं त्यानंच सांगितलं. म्हणून आपणही त्याला नुसतं दादा म्हणू.

आम्ही एकलहऱ्याचे. नाशिकरोडकडून इकडे यायला लागलं, की औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी लांबूनच दिसतात. ती दिसली की समजावं, घर आलं. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्या केंद्रात नोकरीला होते. वसाहतीत विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण अशी सगळीकडची माणसं. कुणाच्या घरी झुणका वेगळा, तर कुणाची बोली वेगळी. त्यामुळे "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांनाच विचारला जायचा.

मावशीकडे दादा आला तो १९८९ साली, पंढरपूरहून. तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. मावशी-काकांना मूल नव्हतं. त्यांनी त्याला दत्तक घेतलं आणि ही गोष्ट त्याच्यापासून कधीही लपवली नाही. उलट, दादाचे वर्षातून दोन वाढदिवस व्हायचे! एक जन्माचा आणि एक घरी आल्याचा. पहिल्याला श्रीखंड आणि दुसऱ्याला पुरणपोळी. मी पहिलीत असताना यावरून घरी केवढं भोकाड पसरलं होतं! "मलापण दोन वाढदिवस पाहिजेत," म्हणून. शेवटी मावशीनं मला पुरणपोळी दिली तेव्हा कुठे मी गप्प झाले.

सगळं छान चाललं होतं. पण दादा पाचवीत असताना एकदा खेळताना भांडण झालं आणि एक मुलगा रागाच्या भरात त्याला म्हणाला, "तुला तर टाकलं होतं!" दादा घरी आला तो गप्पच. जेवला नाही. मावशीनं खूप विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "आई, मला टाकलं होतं का गं?"

मावशीनं त्याला कुशीत घेतलं. पण उत्तर काय देणार? तिलाही ठाऊक नव्हतं. संस्थेतून बाळ मिळालं, कोर्टाची परवानगी झाली, बाळाला घेऊन एसटीनं घरी आले, एवढंच तिला माहीत. त्याच्या आधीची पानं तिच्याकडेही नव्हती. तो शब्द मात्र दादाच्या मनात काट्यासारखा रुतून राहिला. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली. काटा होता तिथेच.

आता थोडी इतिहासाची गोष्ट सांगते. बाई म्हटल्यावर इतिहास येणारच, कंटाळू नका!

दत्तक घेणं आपल्याकडे फार जुनं आहे. पण पूर्वी दत्तक घेत ते बहुतेक करून वारस हवा म्हणून. आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या मुलाला १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्ध झाला. १९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेव्हा गादीला राजा हवा होता, म्हणून मूल शोधलं गेलं.

काय योगायोग बघा! त्याच १८७५ साली पंढरपुरात अगदी उलटं काम सुरू झालं. तिथे मुलांसाठी घर शोधायचं होतं. त्या काळी लहान वयात मुलींची लग्नं होत. नवरा गेला तर पुन्हा लग्न करू देत नसत. अशा एखाद्या विधवेला मूल झालं तर लोक तिला जगू देत नसत. पंढरपूर पडलं तीर्थक्षेत्र. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून अशा दुःखी बायका तिथे येत आणि बाळाला तिथेच सोडून जात. पंढरपुरात न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे मूळचे गुजरातचे. त्यांना हे पाहवेना. त्यांनी अशा बाळांसाठी आश्रम काढला आणि मुंबईच्या प्रार्थना समाजानं तो पुढे चालवला. तोच आजचा वा. बा. नवरंगे बालकाश्रम. २०२५ साली त्याला दीडशे वर्षं पूर्ण झाली.

त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. तो मोठा होऊन डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा डॉक्टर यशवंतही त्याच कामात होता. लोक ज्याला नावं ठेवत, तो मुलगा लोकांच्याच उपयोगी पडला.

बरं, आता पुन्हा दादाकडे येऊ.

दोनेक वर्षांपूर्वी दादाला डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या आई-वडिलांना साखरेचा त्रास होता का? रक्तदाब?" दादा म्हणाला, "माहीत नाही." त्याच सुमारास त्याच्या लेकीला शाळेत कुटुंबवृक्ष काढायला सांगितला. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या झाडाची मुळं कुठे काढू?" तेव्हा त्यानं ठरवलं, की एकदा पंढरपूरला जाऊन विचारायचं. पण मावशीला कसं सांगायचं? काका आता नाहीत. मावशीचं वय झालेलं. तिला वाटायचं, पोराला आपली माया कमी पडली.

शेवटी मीच मावशीकडे विषय काढला. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग उठली, ट्रंकेतून एक पिशवी काढून आणली. तीत कोर्टाचा कागद होता आणि एक पिवळं झबलं. "हे त्याच्या अंगावर होतं," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, जा आणि विचार. आणि जे कळेल ते मलाही सांग. मलाही ते जन्मभर जाणून घ्यायचं होतं गं."

आमच्या भागातला एक गट दरवर्षी आषाढीला पंढरपूरला सेवेला जातो. चालून चालून वारकऱ्यांच्या पायांना फोड येतात, भेगा पडतात. त्यांची मलमपट्टी करायची, पायांना तेल चोळायचं, पाणी द्यायचं, एवढंच काम. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नाशिकवरूनच सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा करत पंढरपूरला जाते. तेव्हा ती आपलीच माणसं. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी होती. मी शाळेतून रजा घेतली आणि दादा आणि मी गटाबरोबर निघालो.

चंद्रभागेच्या पलीकडे पासष्ट एकरांचं मैदान आहे. तिथे दिंड्या उतरतात. पावसानं चिखल झालेला, टाळ-मृदंगाचा आवाज, चुलींचा धूर. आम्ही एका तंबूत बसलो होतो. दादा एकेका आजीचा पाय मांडीवर घेऊन जखम धुवायचा, औषध लावायचा. उठताना प्रत्येक आजी त्याला "माउली" म्हणून वाकून नमस्कार करायची. वारीत लहान-मोठा असं काही नसतं. सगळेच एकमेकांच्या पाया पडतात.

संध्याकाळी चहा घेताना दादा हळूच म्हणाला, "खरं सांगू? मी प्रत्येक आजीच्या तोंडाकडे बघतोय. वाटतं, हिच्यातली एखादी असली तर?"

मला काय बोलावं ते सुचेना. मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

सोमवारी आम्ही बालकाश्रमात गेलो. आधी फोन करून परवानगी घेतली होती. अशा ठिकाणी वाटेल तेव्हा जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या घरात भलतंच कुणी शिरून "मुलं दाखवा बरं" म्हणालं तर चालेल का? फोटो तर अजिबात काढायचे नाहीत. आम्ही दारातूनच पाहिलं. पाळण्यात बाळं निजली होती. एक जागं होतं आणि आपल्याच मुठीकडे डोळे तिरळे करून बघत होतं. सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत त्या येरझाऱ्या घालू लागल्या. दादा तिथेच उभा राहिला. "मलाही असंच कुणीतरी थोपटलं असणार," तो म्हणाला.

मग कार्यालयातल्या बाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावून सांगितलं. तुम्हीही ऐका, कारण याबद्दल मोठ्या माणसांनासुद्धा नीट माहिती नसते.

आता २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे काम चालतं. एखादं बाळ कुठे सापडलं, तर ते बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्याचा फोटो वर्तमानपत्रात देऊन आई-वडिलांचा शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्यासाठी दोन महिने ठरवलेले आहेत, मोठं असेल तर चार महिने. आईनं स्वतः समितीपुढे येऊन बाळ सोपवलं, तर विचार बदलण्यासाठी तिला ६० दिवस दिलेले असतात. हे सगळं झाल्यावरच बाळ दत्तक देता येतं. घेणाऱ्यांचीही चौकशी होते. त्यांचं घर पाहतात, तब्येत तपासतात. दत्तकाचा हुकूम पूर्वी न्यायालय देत असे. २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यानंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होते. बाळ पैसे देऊन घेता येत नाही, आणि कुणी ओळखीनं आणून दिलं म्हणूनही घेता येत नाही. तो गुन्हा आहे.

दादानं विचारलं, "आणि माझी आई?"

त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आपल्याबद्दल विचारायचा हक्क आहे. तुम्ही अर्ज लिहा. आईची संमती असल्याशिवाय तिचं नाव-पत्ता सांगता येत नाही. तिनं कदाचित घरी कुणालाच सांगितलेलं नसेल. पण तुम्ही इथे कसे आलात, कधी आलात, तब्येतीची काय नोंद आहे, हे बघून कळवता येईल. आणि हा अर्ज तुम्हीच करायचा. तुमच्या वतीनं दुसरं कुणी विचारलं, तर आम्ही सांगत नाही."

दादानं माझं पेन मागून घेतलं. अर्ज जेमतेम पाच ओळींचा. पण लिहायला त्याला अर्धा तास लागला.

परतीच्या गाडीत मी त्याला कोरियाबद्दल सांगितलं. मी त्याच सुमारास वाचलं होतं. १९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध झालं आणि हजारो मुलं पोरकी झाली. तेव्हापासून दक्षिण कोरियातून मुलं दत्तक म्हणून अमेरिका, युरोपात पाठवायला सुरुवात झाली. युद्ध संपलं, देश सुधारला, तरी ते थांबलं नाही. १९८५ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त मुलं गेली. एवढ्या बाळांना नेणार कोण? तर प्रवासाला निघालेले स्वयंसेवक विमानात मांडीवर बाळ घेऊन बसत आणि पलीकडे उतरल्यावर नव्या आई-बाबांच्या हाती देत. त्या माणसांची भावना चांगलीच होती. बऱ्याच मुलांना प्रेमळ घरं मिळाली. पण ती मुलं मोठी होऊन आपली पहिली पानं शोधायला कोरियात परत आली, तेव्हा काय दिसलं? काहींचे आई-वडील जिवंत असताना कागदावर "अनाथ" लिहिलेलं होतं. काहींच्या कागदावर दुसऱ्याच मुलाची माहिती होती. २०२५ च्या मार्च महिन्यात तिथल्या सरकारी सत्यशोधन आयोगानं हे चुकलं असं जाहीर केलं. जुलैपासून दत्तकाचं काम खासगी संस्थांकडून सरकारकडे आलं आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्या मुलांची माफी मागितली.

दादा म्हणाला, "म्हणजे नुसती माया पुरत नाही. कागदही खरा पाहिजे."

मला ते पटलं. आपल्या देशातूनही पूर्वी पुष्कळ मुलं परदेशी जात आणि त्यात गैरप्रकार होत. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ साली न्यायालयानं नियम घालून दिले. आधी आपल्याच देशात घर शोधायचं, ते मिळालं नाही तरच परदेशाचा विचार करायचा. एका पत्रानं केवढं काम केलं बघा!

दादाच्या पाच ओळींचं उत्तर दिवाळीच्या आधी आलं. पाकीट त्यानं फोडलं नाही. मावशीकडे आला, मलाही बोलावलं. आम्ही तिघं पलंगावर बसलो. पत्र लहानसंच होतं. बाळ आणून सोपवलं ते त्याच्या आईनंच. तेव्हा ते बारा दिवसांचं होतं. वजन कमी होतं, पण तब्येत ठीक होती. आईचं नाव-पत्ता कळवता येणार नाही. साखर, रक्तदाब याबद्दल काहीच नोंद नव्हती.

दादानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. "तिनं मला आणून दिलं," तो म्हणाला. "टाकलं नव्हतं."

मावशी बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "बारा दिवस. अरे, बाराव्या दिवशी बारसं असतं. तुझ्या कानात काहीतरी नाव सांगूनच दिलं असेल तिनं तुला."

मुलांनो, दादाला मी पंचवीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. पत्र त्या पिवळ्या झबल्यासोबत ट्रंकेत ठेवलं. मग मावशीनं आम्हाला पोहे करून घातले. डॉक्टरांच्या प्रश्नाला दादाकडे अजूनही उत्तर नाही, म्हणून तो दरवर्षी रक्त तपासून घेतो. त्याच्या लेकीनं मात्र कुटुंबवृक्ष पूर्ण केला. त्यात एक मूळ तिनं रंगवलं, पण त्यावर नाव लिहिलं नाही. "ही पंढरपूरची आजी," असं ती सांगते.

आता तुम्हाला आणि तुमच्या आई-बाबांना थोडं सांगायचं आहे.

वर्गात कुणी दत्तक असल्याचं कळलं तर "तुझी खरी आई कोण?" असं विचारू नका. रात्री ताप आला की उशाशी जी बसते, ती खरीच असते. आणि जिनं जन्म दिला, तीही काही खोटी नसते. "टाकलेलं पोर" हा शब्द तर तोंडातून काढूच नका. कुणी काय सोसून आपलं बाळ सोपवलं, हे आपल्याला माहीत नसतं. ज्याची गोष्ट आहे त्यानं सांगितली तर ऐका. नाही सांगितली तर खेळायला चला. दुसऱ्याची गोष्ट आपण गावभर सांगायची नसते.

पालकांनो, घरी दत्तक मूल असेल तर ही गोष्ट त्याला तुमच्याकडूनच कळू द्या, आणि लहानपणीच. बाहेरच्याच्या तोंडून कळली की काटा रुततो. त्याचे कागद, एखादं झबलं, पहिला फोटो जपून ठेवा. पुढे कधी ते मूळ शोधायला निघालं, तर तुमची माया आटली असं समजू नका. आमची मावशी शाळा जेमतेम सातवी शिकलेली, पण तिला हे कुणी सांगावं लागलं नाही.

आणि मुलांनो, एखादं बाळ वा लहान मूल कुठे एकटं, अडचणीत दिसलं, तर आधी घरच्या मोठ्या माणसांना हाक मारा आणि त्यांना १०९८ या नंबरवर फोन करायला सांगा. नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आत्ताच लिहा, मग पुढचं पान उलटा.